रस्त्याला संदर्भ हवा

काशीदला लोक समुद्र बघायला जातात. मी गेल्या महिन्यात दगड बघायला गेलो.

अलिबागहून निघालं की चौल, रेवदंडा, कुंडलिका खाडीवरचा पूल, साळाव, कोर्लई, बोर्ली आणि मग काशीद. पुढे नांदगाव, मुरूड. रस्त्याच्या कडेला, गवतात निम्मा बुडालेला किलोमीटरचा दगड. डोकं हिरवं, म्हणजे राज्य महामार्ग. पिवळं असतं तर राष्ट्रीय. या रस्त्यावरून वर्षानुवर्षं सहली करणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

मलाही नव्हतं. ज्यांनी लिहून ठेवलं म्हणून कळलं, त्यांना त्यासाठी एक पैसाही मिळालेला नाही.

दगडासमोर उकिडवा बसलो. पाला बाजूला केला, शेवाळ खरवडलं, आकडा दिसेल असा फोटो काढला. तेवढ्यात समोरच्या नारळपाण्याच्या टपरीवरून हाक आली. ‘‘काय मोजताय, भाऊ? रस्ता रुंद होणार काय?’’

आवाजात भीती होती. कोकणात रस्त्याकडेला वाकलेला अनोळखी माणूस म्हणजे मोजणीवाला. त्याच्या मागून नोटीस येते, नोटिशीच्या मागून जेसीबी. काकूंची टपरी तर रस्त्याला खेटूनच.

‘‘नाही काकू, विकिपीडियावर लिहायचंय. या रस्त्याबद्दल.’’

‘‘मग गावाचं नाव तरी नीट लिवा. लोक कशेडी समजतात नि घाटात जातात.’’

काशीद मुरूड तालुक्यातलं, समुद्राला लागून. कशेडी घाट पोलादपूर आणि खेडच्या मधे, मुंबई–गोवा महामार्गावर. दोन्ही कोकणात, दोन्ही ‘क’वरून, आणि परगावच्या माणसाला दोन्ही सारखेच. एका कच्च्या मजकुरात हा घोळ मी स्वतः पकडला आहे. घाटातली दरड लिहिणाऱ्याने थेट समुद्रकिनाऱ्यावर आणून ठेवली होती.

अशी दरड हलवायला जेसीबी चालत नाही. रस्ता पायाखालचा असलेला माणूस लागतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. वीस वर्षं उलटून गेली. तिथे पगार नाही, मानधन नाही, लेखाखाली नाव नाही. तिथल्या माणसाला ‘सदस्य’ म्हणतात. चर्चा करायची जागा म्हणजे ‘चावडी’, हात बसवायची जागा ‘धूळपाटी’, आणि सांगितलेलं काम मुकाट करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला नाव दिलंय ‘सांगकाम्या’. परिभाषा समिती न नेमता इतके बोलके शब्द मराठीला कुणी दिले? याच बिनपगारी माणसांनी.

त्यांतले काही जण रस्त्यांवर लिहितात. होय, रस्त्यांवर. कुठून सुरू, कुठे संपतो, कोणते तालुके, कोणत्या नद्या, कोणता पूल कधीचा.

रस्त्यावर काय लिहायचं, असं विचारणारे भेटतात. आधी त्यांनी मुंबई–गोवा महामार्गाचा क्रमांक सांगावा.

१७? तो गेला. ५ मार्च २०१० च्या राजपत्राने देशभरचे आकडे बदलले. पनवेलहून कोकण, गोवा करत खाली जाणारा आपला रस्ता ६६ झाला आणि थेट कन्याकुमारीला जाऊन टेकला. १७ हा आकडा मिळाला बंगालमधल्या सेवोकहून गुवाहाटीला जाणाऱ्या रस्त्याला. मुंबई–पुणे–बंगळूरचा जुना ४ आता अंदमानात आहे.

तुमच्या-माझ्या तोंडात अजून १७च आहे. आणि रस्ता तर मुंबईत सुरूही होत नाही, गोव्यात संपतही नाही.

नव्या आकड्यांना एक रीत आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम संख्या, आणि त्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून ६६ आपल्या किनाऱ्याला. फाट्यांना तीन आकडे. वडखळ–अलिबाग हा ‘१६६ अ’, म्हणजे ६६ चंच पोर. पण मुरूडच्या खाडीपलीकडे दिघी. तिथून माणगाव, ताम्हिणीवरून पुण्याला जाणारा रस्ता ७५३ एफ. शेवटचे दोन आकडे ५३, म्हणजे सुरत–नागपूर रस्त्याची शाखा. दिघीतल्या कोणत्या माणसाला कळावं, की आपल्या दारातल्या रस्त्याचं मूळ विदर्भाच्या वाटेवर आहे?

कुणीतरी हे एका चौकटीत नीट मांडून ठेवावं लागतं. आकडा बदलला की लेखाचं नाव बदलावं लागतं, जुन्या नावावरून नव्याकडे पुनर्निर्देशन द्यावं लागतं, आणि ज्या ज्या गावाच्या लेखात जुना आकडा आहे तिथे जाऊन तो दुरुस्त करावा लागतो. पनवेल, पेण, माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, कणकवली, सावंतवाडी. एक राजपत्र निघालं आणि कुणाच्या तरी रात्री गेल्या.

त्या कुणाच्या?

नाव नाही. सांगितलं ना.

राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण ही रस्त्यांची उतरंड कुठे ठरली, ठाऊक आहे? आपल्या नागपुरात. १९४३ साली मुख्य अभियंत्यांची परिषद तिथे भरली आणि तिने देशाला रस्त्यांची ही प्रतवारी दिली. नागपूरकर संत्र्यांबद्दल सांगतात, अधिवेशनाबद्दल सांगतात. हे किती जण सांगतात?

आता काशीदचा रस्ता. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचा हा तुकडा. ही कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांची. मुख्यमंत्री झाले १९८० मध्ये, गेले १९८२ मध्ये. त्या अवधीत त्यांनी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याचं स्वप्न पाहिलं. नाव लगेच बदललं. रस्ता अजून खाड्यांवरच्या पुलांची वाट बघतोय.

या रस्त्याची लांबी किती? कुठे ५४० किलोमीटर छापलेली सापडेल, कुठे ४९८. बेचाळीस किलोमीटर गेले कुठे? पूल धरले की अंतर कमी, वळसे धरले की जास्त. जुनी आखणी की नवी, यावरही ठरतं. लिहिणाऱ्याने काय करायचं? दोन्ही आकडे द्यायचे आणि कोणता कुणाचा ते सांगायचं. वाक्य एकच असतं. त्यामागे तीन संध्याकाळी जातात.

आणि शेवटचं गाव? वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या वेशीवर, द्विभुज गणपतीचं. नाव रेडी.

बातम्यांत वाचा. ‘रेवस–रेड्डी’.

मराठी गावाचं नाव इंग्रजी फायलीत गेलं, तिथे एक अक्षर जास्तीचं चिकटलं, आणि परत येताना ते थेट तेलुगू आडनाव होऊन आलं. आपल्याच वर्तमानपत्रांनी ते छापलं, आपण वाचलं, कुणालाही खटकलं नाही. आता लेखाला शीर्षक काय द्यायचं? प्रचलित नाव द्यावं, असं एक जण म्हणेल, कारण वाचक तेच शोधतो. दुसरा म्हणेल, गावचे लोक जे म्हणतात ते द्या. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने, आणि ठाम. चुकीचं नाव शोधणाऱ्याला पुनर्निर्देशनाने बरोबर नावावर आणता येतं. मग शीर्षकात चूक कशाला मिरवायची?

मुरूडचंही तेच. एक मुरूड जंजिऱ्याजवळचं, एक दापोलीजवळचं, एक लातूर जिल्ह्यातलं. पहिली दोन तर दोन्ही समुद्राकाठची. त्यासाठी ‘निःसंदिग्धीकरण’ नावाचं पान असतं. शब्द जड आहे, काम साधं आहे. माणूस चुकीच्या मुरूडला पोचू नये.

अशा वादांत वेळ घालवणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणायची आपली सवय. अमेरिकेत बघा. इंग्रजी विकिपीडियावर राज्य महामार्गांच्या लेखांची नावं कशी लिहावीत, आधी राज्य की आधी रस्ता, यावर इतकं भांडण पेटलं की २००६ मध्ये प्रकरण लवादापर्यंत गेलं आणि मतदान घ्यावं लागलं. २०२३ मध्ये तर रस्त्यांवर लिहिणाऱ्यांचा एक मोठा गट बाहेरच पडला. नकाशा हा पुरेसा संदर्भ मानायचा की नाही, कोणता रस्ता लेखाच्या लायकीचा, यावर पटेना. त्यांनी रस्त्यांचा स्वतःचा वेगळा ज्ञानकोश थाटला.

भांडायला माणसं होती म्हणून भांडण झालं. आपल्याकडे रेडी की रेड्डी यावर वाद घालायला समोर दुसरा माणूस मिळत नाही, ही आपली अडचण.

ज्ञानकोश हे आपल्याला नवं आहे का? केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. सरकारची वाट बघितली नाही. भाग विकून कंपनी उभी केली, वर्गणीदार मिळवत गावोगाव हिंडले. वाईत तर्कतीर्थांनी विश्वकोश उभा केला. तीच परंपरा आज मोबाइलवर आली आहे. वर्गणीही नको, फक्त फावला वेळ हवा.

तो वेळ आपण फॉरवर्ड करण्यात घालवतो.

एक नियम मात्र नव्या माणसाला हमखास बोचतो. डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही. ‘मूळ संशोधन’ नको, प्रकाशित आधार हवा. नसेल तर वाक्याच्या शेवटी कंसात दोन शब्द येतात. संदर्भ हवा.

काकूंना मी विचारलं, जवळचा पूल कधीचा? त्या म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हा होता. शेजारचे काका म्हणाले, छे, त्याच्या कितीतरी आधीचा. दोघंही खरं बोलत होते. दोघांचंही लेखात घालता येत नाही.

हा पूल कोणता, हे रायगडकरांना सांगायला नको. जुलै २०२१. रविवारची रात्र, धो धो पाऊस, आणि काशीदजवळचा छोटा जुना पूल वाहून गेला. वाहनं खाली गेली, एकाचा जीव गेला. अलिबाग–मुरूड थेट रस्ता तुटला. मुरूड गाठायचं तर रोह्याकडून वळसा.

दुसऱ्या दिवशी सगळे एकच प्रश्न विचारत होते. पूल किती वर्षांचा होता?

हा प्रश्न आदल्या दिवशी कुणी विचारला होता?

सावित्री नदीवरच्या पुलाचंही हेच झालं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा पूल कोसळला, एसटीच्या दोन गाड्या पुरात गेल्या. मग महाराष्ट्राला कळलं, की तो पूल १९२८ चा होता. ८८ वर्षं त्यावरून गेलेल्यांपैकी किती जणांना ते साल माहीत होतं? नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला. बांधण्याचा वेग आपल्याकडे आहे. नोंदीचा नाही.

ज्ञानकोशात साल लिहिलं असतं तर पूल वाचला असता का? असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं वय सगळ्यांना माहीत असतं त्याच्या तब्येतीची विचारपूस होते. घरातही आणि रस्त्यावरही.

काशीदच्या पुलाचं साल शोधायचं तर वाट सोपी नाही. ‘रायगड’ असं शोधलं तर १९८१ च्या आधीचं काहीच मिळत नाही. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. ‘कुलाबा’ शोधलं तर १९४८ च्या आधीचं अलिबागपर्यंतच मिळतं, पुढचं नाही. १९४८ पर्यंत मुरूड-काशीदचा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा. म्हणजे एकाच रस्त्याचे कागद दोन राजवटींत आणि तीन नावांखाली. १८८३ च्या गॅझेटियरमध्ये कुलाबा आणि जंजिरा एकाच खंडात आहेत. तो आता घरबसल्या वाचता येतो. पुढचं राजपत्रांत, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ‘रस्ते विकास योजना २००१–२०२१’सारख्या कागदांत.

आणि पुलाच्या कठड्यावर कधीकधी दगडी पाटी असते. साल, ठेकेदार, उद्घाटन करणारा मंत्री. गावातल्या पुलाला अशी पाटी असेल तर आजच तिचा फोटो काढून ठेवा. पूल गेला की पाटीही जाते.

संदर्भाचा हा नियम जाचक वाटतो, पण मी त्याच्या बाजूने आहे. किनाऱ्यावरच्या गावांच्या लेखांत दर सुट्टीच्या हंगामात काय काय घुसतं, ते बघा. ‘कोकणातील सर्वोत्तम रिसॉर्ट’, पुढे फोन नंबर, पुढे माशांच्या थाळीचा दर. एक सदस्य ते काढतो. आठवड्याने परत येतं. तो परत काढतो. संदर्भाची अट नसती तर काशीदच्या लेखात आज गाव औषधालाही उरलं नसतं.

विकिपीडियाचं खरं बळ आणखी एका जागी आहे. प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ अशी कळ असते. दाबली की दिसतं, कुणी कधी काय लिहिलं आणि काय पुसलं.

आता मुंबई–गोवा महामार्ग आठवा. पनवेल ते इंदापूर, ८४ किलोमीटर, चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं. त्यानंतर किती गणपती आले, किती मुदती जाहीर झाल्या? घोषणेच्या पाटीवर नवी तारीख चिकटली की जुनी झाकली जाते. वर्तमानपत्र रद्दीत जातं. विकिपीडियाच्या पानावर मात्र तारीख बदलणाऱ्याला जुनी तारीख पुसता येत नाही. ती खालच्या थरात तशीच राहते, दिनांक-वेळेसकट.

रस्त्यावर लिहिणं हे रिकामं काम आहे, असं अजून कुणाला वाटतं?

टपरीवर परत येतो. काकूंचा पुतण्या बारावीला. मोबाइलवर बोटं माझ्यापेक्षा दुप्पट चालतात. म्हणाला, ‘‘काका, दाखवा ना, आमच्या गावाबद्दल काय आहे ते.’’ आम्ही पान उघडलं. समुद्र होता, पांढरी वाळू होती. पूल काही सापडला नाही. काकूंनी स्वतःहून सांगितलं, की निसर्ग वादळात सुरूची झाडं कशी आडवी पडली. ३ जून २०२०. तारीख त्यांना तोंडपाठ होती.

पोराने खातं उघडलं. आधी धूळपाटीवर दोन वाक्यं टाइप केली. पहिल्यात ‘आमच्या गावाजवळचा’ असं होतं. मी म्हटलं, आमच्या नको, वाचणारा साताऱ्याचाही असेल. त्याने ते खोडून ‘काशीदजवळचा’ केलं. ‘भयानक’ हा शब्द त्याने स्वतःच काढला. मग संदर्भ. जुलै २०२१ मधली बातमी शोधायला दहा मिनिटं लागली, कारण शोधताना दर वेळी रिसॉर्टच वर येत होते. सापडली. वृत्तपत्राचं नाव, दिनांक, दुवा. वाक्य गावाच्या पानावर गेलं. प्रकाशित करा.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. ‘‘एक माणूस गेला, ते लिवलंस ना?’’

‘‘लिहिलंय.’’

मी नारळपाण्याचे पैसे काढत होतो, तेवढ्यात पोरगा ओरडला, ‘‘काका, कुणीतरी बदललं!’’

मी इतिहास उघडून दाखवला. त्याचं वाक्य जसंच्या तसं होतं, संदर्भही जागेवर. फक्त ‘वाहुन’चं ‘वाहून’ झालं होतं आणि पूर्णविरामाच्या आधी पडलेली मोकळी जागा गेली होती. शेजारी शेरा होता, शुद्धलेखन.

‘‘कोण आहे हा?’’

मला माहीत नव्हतं. कामाचा वार, दुपारचे पावणेतीन. त्या सदस्याच्या नावावरून गाव कळत नव्हतं, वय कळत नव्हतं. पोराने त्याच्या चर्चापानावर ‘धन्यवाद’ लिहिलं आणि मला विचारलं, ‘‘तो दगडाचा फोटो द्याल का? त्याच्यावरचा आकडा पण टाकतो.’’